खडूचा काळा गोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

खडूने लिहिता-पुसता येणारा हा चेंडूसारखा गोल जूनमध्ये घेतला. व्यास 30 सें.मी., वर फळ्याचा काळा रंग, नकाशा नाही. एम.एस्सी.च्या मुलांना रिमानीय भूमिती (वक्र जागांची भूमिती) शिकवतो, त्यासाठी.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच. विषुववृत्तावर उत्तरेकडे तोंड केलेला बाण काढायचा, न वळवता ध्रुवापर्यंत न्यायचा, पूर्वेला 90 अंशांवरच्या रेखावृत्ताने खाली उतरायचं आणि विषुववृत्तावरून मूळ जागी यायचं. बाण आता पूर्वेकडे बघतो. बंद वाटेने फिरून आल्यावर बाणाला पडलेलं हे वळण, हीच होलोनॉमी.

त्याहून मला आवडलेला प्रयोग कागदाचा. 26 सें.मी. त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा, त्यावर एकाच दिशेचे समांतर बाण काढा आणि गुंडाळून शंकूची टोपी करा. टोपी गोलावर बरोबर 30 अक्षांशाला टेकते आणि शिवणीवर बाण एकमेकांच्या उलट तोंडाने भेटतात. चक्क 180 अंश! ते बघताना वर्ग गप्प झाला होता.

तक्रार एकच. ध्रुवाजवळचा रंग तिसऱ्या महिन्यातच उडाला, आणि आपल्याला सगळ्यात जास्त लागतो तो ध्रुवच. ओलं फडकं लावू नका.

मुलं हटकून म्हणतात, "सर, गोल कसाही फिरवला तरी तसाच दिसतो, मग याची होलोनॉमी खास असणार." नाही. योग्य क्षेत्रफळाला वळसा घातला की बाण हव्या त्या कोनात वळतो, म्हणजे एसओ(2), प्रतलातल्या सगळ्या वळणांचा गट, पूर्णच्या पूर्ण मिळतो. होलोनॉमीतून कोणते वळणांचे गट मिळू शकतात याची यादी गणिती मार्सेल बर्जे यांनी 1955 मध्ये केली; तिच्यातले खास गट, 2एम मितींतला एसयू(एम), सात मितींतला जी-2, आठ मितींतला स्पिन(7), हे वळण्यावर बंधन घालतात. आणि तिथे सममिती बहुधा हाती लागतच नाही. के-3 पृष्ठभाग (नावात पृष्ठभाग असला तरी ही चार मितींची जागा) घ्या; त्यावर गणिती याऊ यांच्या प्रमेयातून एसयू(2) होलोनॉमीची मेट्रिक, म्हणजे अंतरं मोजायची पद्धत, मिळते. तिची रिची वक्रता (वक्रतेची एक प्रकारची सरासरी) शून्य आणि जागा संहत (गोलासारखी मर्यादित, कडा नसलेली), त्यामुळे सतत सममिती, म्हणजे गोल फिरवावा तशी हळूहळू सरकवता येणारी सममिती, देणारं कुठलंही सदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूवर एक बाण) समांतर असावं लागतं, म्हणजे कुठल्याही वाटेने नेलं तरी न वळणारे बाण. एसयू(2) तसा एकही बाण शिल्लक ठेवत नाही. म्हणून सतत सममिती शून्य. गणिती डॉमिनिक जॉइस यांनी 1996 मध्ये जी-2 ची पहिली संहत उदाहरणं बांधली, तीही सात मितींच्या टोरसच्या (मेदूवड्यासारख्या आकाराच्या) भागाकारातल्या, म्हणजे त्याचे बिंदू सममितीने एकमेकांना चिकटवून झालेल्या जागेतल्या, टोकदार जागा गुळगुळीत करून, मग विश्लेषणाच्या जोरावर.

हे काही गोलावर दिसणार नाही, घेताना लक्षात ठेवा. छिद्रं नसलेल्या दोन मितींच्या पृष्ठभागावर बाण एक तर वळतच नाही, नाहीतर हवा तेवढा वळतो. तरी माझ्या वर्गात के-3 चा तास या गोलानंतरच येतो.