गोल्ड एसएमपीएस, दहा महिने, आणि ती गंजलेली जाळी

या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, मी चवथीच्या आदल्या आठवड्यात आईसमोर ज्या काय शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या मागे घेतोय. उरलेल्या निम्म्या शेवटी.

सेटप नेहमीचाच, रायझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड. आधी कॅबिनेटबरोबर फुकट आलेला '450 वॉट'चा डबा होता, हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. मागच्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा गडगडाट चालू असताना फट्ट झालं आणि खोलीभर जळका वास. नशीब बोर्ड आणि कार्ड वाचलं. म्हापशाच्या दुकानात नेला, तिथल्या पोराने पीसीशिवाय चालू होतो का बघायला हिरवी वायर काळीला जोडून बघितली, पंखा हलला पण नाही, मग स्टिकर माझ्यापुढे धरून म्हणाला, "भावा, वाच." प्रोसेसर आणि कार्ड ज्यावर चालतं त्या 12 व्होल्टला 17 अँपिअर. म्हणजे 204 वॉट! 3060 एकटंच 170 खातं, वर प्रोसेसर. मोठ्या अक्षरातले 450 कुठून आले ते छापणाऱ्यालाच माहीत.

मग 650 वॉटचा फुल मॉड्युलर (सगळ्या वायरी काढता येणारा) गोल्ड घेतला, 6,800 रुपये. ब्रॉन्झ, म्हणजे वीज वाचवण्यात त्याच्या खालचा दर्जा, 5,000ला मिळत होता. आता वीज वाचते म्हणून गोल्ड घ्या असं सांगणाऱ्यांसाठी हिशेब: गेम चालू असताना 300 वॉट लोड धरा, निम्म्या लोडच्या आसपास गोल्ड 90 टक्के आणि ब्रॉन्झ 85, म्हणजे भिंतीतून 333 आणि 353, फरक 20 वॉटचा, रोज 3 तास खेळलो तरी वर्षाला 22 युनिट, युनिट 4 रुपये धरलं तर 88 रुपये. वरचे 1,800 सुटायला 20 वर्षं. तोपर्यंत माझी पोरं गेम खेळत असतील. आणि गोल्ड-ब्रॉन्झ ठरवणाऱ्या त्या 80 प्लसच्या स्टिकरमध्ये वीज किती वाया जाते एवढंच मोजतात, आतलं प्रोटेक्शन कसं आहे ते त्यात येतच नाही. मी गोल्ड घेतला तो 7 वर्षांच्या वॉरंटीकडे बघून, ब्रॉन्झला 5 होती.

मे महिन्यापर्यंत मस्त. कमी लोडला पंखा फिरतच नाही, पहिल्या दिवशी मला वाटलं बिघडलेलाच पीस दिला. ते तसंच असतं म्हणे.

जूनपासून नाटकं सुरू. लाईट गेली की पीसी रिस्टार्ट, घरात इन्व्हर्टर असून! दिवे नुसते लुकलुकतात, टीव्ही चालू राहतो, माझाच पीसी पडतो, आणि तोही नेमका मॅच रंगात आल्यावर. कस्टमर केअरला फोन केला तर गोव्यात सेंटर नाही, मुंबईला कुरियर करा, जायचा खर्च तुमचा. 400 रुपये! बॉक्स पॅक करून टेपसुद्धा मारली होती.

तेवढ्यात शेजारचे वायरमन काका माटोळीकडे (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) लाईट ओढायला आले, बॉक्स बघून म्हणाले, "लायट गेल्यारच बंद पडटा मरे?" हो म्हटलं तर सरळ इन्व्हर्टरकडे गेले आणि मागचं बारकं बटण यूपीएस मोडवर केलं. झालं. तेव्हापासून एकदाही रिस्टार्ट नाही. मग मी वाचत बसलो. लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या फटीत एसएमपीएसला आतल्या कपॅसिटरवर तग धरावा लागतो, पीसीच्या एसएमपीएससाठीच्या जुन्या एटीएक्स नियमात फुल लोडला हा वेळ साधारण 16 मिलिसेकंद, लोड कमी असेल तर थोडा जास्त. साध्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून बराच उशिरा जागा होतो. म्हणजे एसएमपीएस बिचारा निर्दोष, तीन महिने मी त्याच्या नावाने खडे फोडत होतो. एक तोटा आहे, यूपीएस मोडला व्होल्टेज जरा खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर उडी मारतो, आणि आमच्या मांद्र्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली जातंच, टक टक आवाज चालू असतो.

आता उरलेल्या शिव्या. पंख्यावरची जाळी गंजली! दहा महिन्यांत, 6,800च्या वस्तूची! समुद्र घरापासून चालत पाच मिनिटं, खारी हवा आहे, मान्य, पण माझा 900चा टेबल फॅन चार पावसाळे काढून अजून चकाचक आहे. पंखा बंद राहतो तेव्हा ओल तिथेच बसत असणार असा माझा अंदाज, त्याची ती शांतता गेली खड्ड्यात. ईमेल केला, फोटो पाठवले, उत्तर एका ओळीचं, गंज वॉरंटीत येत नाही. एसएमपीएसबरोबर आलेले चार स्क्रू पण लालभडक झाले होते, ते काढून म्हापशाच्या बाजारातून स्टीलचे आणले, चार मिळून 20 रुपये, म्हणजे एवढे त्यांना परवडत नव्हते.

बहिणीची काळी नेलपॉलिश जाळीवर मारणार होतो. पण जाळी नीट काढायला डबा उघडावा लागतो, उघडला की वॉरंटीचं सील तुटतं, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो म्हणून काकांनी हात लावायला दिला नाही. नेलपॉलिश बहिणीने परत नेली, बाटली उघडीच ठेवली म्हणून वर मलाच बोलणी.