क्रिप्टपॅड की प्रोटॉन डॉक्स?

नेहमीच्या ऑनलाइन डॉक्युमेंटमधला मजकूर कुलूपबंद असतो खरा, पण किल्ली बहुधा कंपनीच्याच खिशात असते. क्रिप्टपॅड आणि प्रोटॉन डॉक्स या ऑनलाइन डॉक्युमेंटच्या दोन्ही साधनांत ती वापरणाऱ्याकडे राहते. फरक आहे तो किल्ली ठेवायच्या जागेत.

फ्रान्समधल्या एक्सविकी कंपनीचं क्रिप्टपॅड खातं न उघडताही वापरता येतं. किल्ली लिंकमध्येच, # चिन्हाच्या पुढे असते आणि ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवतच नाही. मला ही रचना फार आवडते. मात्र लिंक म्हणजेच किल्ली, हे विसरू नका: ग्रुपवर फॉरवर्ड झाली की दार सताड उघडं! संवेदनशील फाइलला वेगळा पासवर्ड लावाच. स्प्रेडशीट, फॉर्म, कानबान (कामांच्या याद्यांचा फलक) सगळं आहे, आणि संस्थेला ते स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. खात्याचा पासवर्ड विसरलात तर तो कुणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

प्रोटॉन डॉक्स जुलै २०२४ मध्ये आलं, स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीच्या ड्राइव्ह या फाइली ठेवायच्या सेवेत. डॉक्युमेंट जपून ठेवायला खातं लागतं; किल्ली त्या खात्याशीच जोडलेली असते. ईमेल पत्त्यावरून माणसं जोडता येतात, म्हणून कोणाला प्रवेश दिलाय ते स्पष्ट दिसतं. रिकव्हरी फ्रेज (खातं परत मिळवण्यासाठीचे ठरावीक शब्द) आधीच जपून ठेवली असेल, तर पासवर्ड विसरल्यावरही फाइली परत उघडता येतात. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र बसवता येत नाही.

घरच्या कागदपत्रांसाठी मी प्रोटॉन सुचवेन. तक्रारदारांची नावं सांभाळणाऱ्या संघटनेनं मात्र क्रिप्टपॅडच घ्यावं, तेही शक्यतो स्वतःच्या सर्व्हरवर.