ट्रेल कॅमेऱ्याने हरणाची जागा सापडते का? नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीच्या अखेरीस दोन ट्रेल कॅमेरे घेतले, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचे आणि समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे. ते नोव्हेंबरपर्यंत जंगलातच होते. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार पहिल्यांदाच करणार होतो आणि सोबतीला जाणतं माणूस कुणी नव्हतं. मग बसायचं कुठे? कॅमेरा ते सांगेल, या आशेवर घेतले. आज विचाराल तर कॅमेरा जागा शोधून देत नाही. जागा आपणच पायी फिरून शोधायची. ती बरोबर निघाली की चुकली, एवढं तो सांगतो. पण तेवढ्यासाठीसुद्धा तो घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

घेण्याआधी नियम मात्र बघा. शिकारीचा परवाना, हंगाम, कुठल्या जमिनीवर जाता येतं हे तर आहेच. काही ठिकाणी कॅमेऱ्यालाच मनाई आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरता येत नाही.

पहिला कॅमेरा लावला कुरणाच्या कडेला, कारण तिथे खुरांचे ठसे भरपूर होते. तीन आठवड्यांनी कार्ड काढलं तर ६५० फोटो! घरी येऊन एकेक बघितले, तेव्हा हरणांचे निघाले ४१. बाकी सगळं हलणारं गवत. या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की तो फोटो काढतो. समोरचं गवत कापलं आणि पूर्वेकडे असलेलं तोंड उत्तरेकडे फिरवलं, तेव्हा सकाळचे पांढरेफटक फोटोही थांबले. आणखी एक गोष्ट: कॅमेरा वाटेला काटकोनात लावू नका. हरीण चौकटीतून निघून जातं आणि फोटोत नुसती शेपटी येते. कमरेएवढ्या उंचीवर, वाटेच्या लांबीकडे तिरका लावला की अख्खं जनावर मिळतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या ४१ पैकी ३६ फोटो रात्रीचे होते. अनेक ठिकाणी सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. म्हणजे माझ्या या भरगच्च जागेचा शिकारीला जवळजवळ काहीच उपयोग नव्हता. हरणं कुरणात पोचत होती ती अंधार पडल्यावर. मग अंधार पडण्याआधी ती कुठे असतात?

त्या दिवसापासून कॅमेरा सोडून जमीन वाचायला लागलो. कुरणातून निघणारी वाट धरून उलटं चालत गेलो. पानगळ झालेली, नवी पालवी अजून फुटायची होती, त्यामुळे मागच्या हंगामात नराने शिंगं घासून सोललेली खोडं लांबूनही दिसत होती. सगळ्यात जास्त शिकवलं ते खाल्लेल्या डहाळ्यांनी. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते डहाळी खालच्या दातांत आणि वरच्या टणक हिरडीत धरतं आणि हिसडा देऊन तोडतं. त्यामुळे टोक फाटलेलं, धागे लोंबणारं राहतं. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरकी छाटल्यासारखी साफ असते. हा फरक एकदा बोटाने चाचपून बघा, मग कधी विसरत नाही. ताज्या लेंड्या, गवत दबून झालेल्या लंबगोल बसकणी, फाटकी टोकं, असं जुळवत जुळवत मी दोन टेकड्यांमधल्या खिंडीपर्यंत पोचलो.

फोनवरच्या नकाशात उंचीच्या रेषा चालू केल्या, तर ती खिंड स्पष्ट दिसत होती. टेकड्यांच्या धारेवरची सगळ्यात खालची जागा तीच. धार ओलांडायची तर माणूस जशी खिंड गाठतो, तसंच हरीणही. हे आधी माहीत असतं तर फेब्रुवारीत घरबसल्या नकाशावरच अशा चार-पाच जागांवर खूण करून निघालो असतो. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

दुसरा कॅमेरा खिंडीत लावला. महिन्याभरात हरणांचे फोटो फक्त १९, पण त्यातले ११ उजेडातले. आकड्याने कुरण जिंकलं होतं, पण मला हव्या होत्या त्या या ११ वेळा.

उन्हाळाभर कुरणावरच्या कॅमेऱ्यात तीन नर एकत्र दिसायचे, शिंगांवर मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ लवदार कातडी, असलेले. सप्टेंबरमध्ये मखमल गळाली आणि तिघेही गायब. जागा हातची गेली असं वाटलं. पण नरांचे हे उन्हाळी कळप त्या सुमाराला फुटतातच, आणि खाणंही बदलतं. ओकची फळं पडायला लागली होती. पांढऱ्या ओकच्या फळात टॅनिन कमी, म्हणून ती लाल ओकच्या फळापेक्षा कमी कडू असतात आणि हरणं आधी तिकडे वळतात. खिंडीखालच्या उतारावर अशी दोन झाडं होती. खाली पाचोळा उकरलेला, फळांच्या रिकाम्या टोप्या सगळीकडे विखुरलेल्या. कुरणातून ज्यांना बघत होतो, ती इथे सरकली होती.

एक मोठी चूक माझ्या हातून झाली. ते पहिलं कार्ड काढल्यानंतर दोन-तीन महिने दर रविवारी कार्ड बघायला जायचो. मे महिन्यातल्या एका फोटोत एक मादी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला नाक लावून उभी आहे, जिथे आदल्या दिवशी माझा हात लागला होता तिथेच. पुढचे सहा दिवस त्या वाटेवर एकही हरीण नाही. त्यानंतर तीन आठवड्यांतून एकदाच, भर दुपारी, जमलं तर पाऊस पडत असताना, रबरी बूट घालून जायला लागलो. पावसाने वास धुऊन जातो. फोटो लगेच बघायचा मोह आवरता आला पाहिजे, नाहीतर ज्या जागेची पारख करायची तीच आपण बिघडवतो.

आणि वारा. हे कुठलाही कॅमेरा सांगणार नाही. केशरी जॅकेटची मला उगाच धास्ती होती. हरणाला तांबडा-केशरी रंग आपल्यासारखा वेगळा ओळखू येत नाही. नाक मात्र त्याला दगा देत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्या संध्याकाळी मी खिंडीच्या वरच्या अंगाला बसलो. वारा अनुकूल वाटत होता. ऊन उतरलं, हवा गार झाली आणि उताराने खाली वाहायला लागली, माझा वास घेऊन. खालून एक मादी येत होती. ती थबकली, पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला, नाकातून जोरात फुत्कारली आणि शेपटी उभारून पळाली. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर जाते, संध्याकाळी गार होऊन खाली येते. ही जागा संध्याकाळची नव्हतीच, सकाळची होती. तेव्हापासून खिशात रुईच्या म्हातारीसारख्या तंतूंची पुडी ठेवतो. एक तंतू सोडायचा आणि तो कुठवर, कसा वळतो ते बघत राहायचं. पंधरा पावलांवर वारा दिशा बदलतो हे त्यानेच मला दाखवलं.

आता यंत्राविषयी. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. लिथियमच्या एकदा घातल्या त्या हंगाम संपेपर्यंत पुरल्या. माझ्या एका कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशाची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर, दुसऱ्याची ९४०. ८५०चा लांबवर उजळतो पण त्याचे दिवे मंद लाल दिसतात. ९४०चे डोळ्याला दिसत नाहीत, मात्र पल्ला कमी. अरुंद वाटेसाठी मी ९४०चाच घेईन. जुलैत एकाच्या झाकणाचं रबर सैल झालं, आत दव शिरलं आणि दोन आठवड्यांचे फोटो धुरकट आले. कंपनीला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. रबर मीच बदललं. घेताना झाकण उघडून ते आधी तपासा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, माजाच्या ऐन दिवसांत, खिंडीच्या वरच्या अंगाला सकाळी बसलो. त्या दिवसाच्या कार्डावर ५:४० ला मी स्वतः आहे, टॉर्च खाली धरून जाताना. ८:१२ ला एक मादी त्याच वाटेने येते, कान पुढे, शेपटी खाली, अगदी निवांत. तिच्यामागे चार मिनिटांनी नर. त्या नरानंतर मला कार्डाची गरज उरली नाही, तो माझ्यासमोर वीस पावलांवर उभा होता.