एमएस: एमआरआय पुरेसा, की मेंदूचा तुकडाही तपासायचा?

मैत्रिणीच्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन हे आवरण खराब होण्याचा आजार) निदान झालं. तिचा प्रश्न: "एमआरआयमधल्या नुसत्या डागांवर विश्वास कसा ठेवायचा? बायोप्सी का नाही करत?"

त्रासाच्या बाबतीत तुलनाच नको. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तो दरवर्षी काढता येतो. बायोप्सीसाठी कवटीला भोक पाडावं लागतं.

नेमकेपणात मात्र पारडं फिरतं. एमआरआयच्या टी-2 या प्रकारच्या चित्रात सूज, मायलिन गेलेली जागा, मायलिन पुन्हा चढलेली जागा, सगळेच पांढरे डाग. ऊतीला, म्हणजे काढलेल्या तुकड्याला, लक्सॉल फास्ट ब्लू रंग दिला की मायलिन निळं उमटतं आणि फरक कळतो. मेंदूच्या बाह्यपटलातले बहुतेक डाग तर नेहमीच्या एमआरआयमधून निसटतातच. गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं द्रव्य टोचल्यावर ताजा दाह उजळतो, हे एमआरआयच्या बाजूचं.

पण ऊती एकाच क्षणाची साक्ष देते, आणि अभ्यासातले बरेच नमुने मृत्यूनंतरचे, म्हणजे जुनाट आजाराचे असतात.

निदानासाठी आणि औषध लागू पडतंय का पाहायला एमआरआयच, जोडीला लक्षणं आणि गरजेनुसार पाठीतल्या पाण्याची तपासणी. डाग गाठीएवढा मोठा आणि ट्यूमरची शंका फिटत नसेल, तरच बायोप्सी. मायलिन खरंच दुरुस्त झालं का, हे खात्रीने सांगू पाहणाऱ्या संशोधकाला मात्र ऊतीशिवाय गत्यंतर नाही.