रिचर्ड चीज की पॉल अँका?

रॉक गाणी लाउंज-स्विंग ढंगात (हॉटेलातल्या मैफलीसारख्या, झुलत्या जॅझमध्ये) ऐकायची आहेत, पण विनोदी गायक रिचर्ड चीजचा 'लाउंज अगेन्स्ट द मशीन' (2000) हा अल्बम घ्यावा की जुन्या पिढीतला पॉप गायक पॉल अँकाचा 'रॉक स्विंग्ज' (2005), असं एका मैत्रिणीने विचारलं.

विनोदात चीज सरळ पुढे. रेडिओहेड या रॉक बँडचं 'क्रीप'सारखं स्वतःचा तिरस्कार करणारं गाणं तो हॉटेलातल्या गायकाच्या लाडिक, गुळगुळीत आवाजात म्हणतो. शब्द तेच, सूर भलताच, आणि हसू त्या विसंगतीतून फुटतं. मात्र गंमत एकदा कळली की धार कमी होते. शिवाय शिवराळ शब्द तसेच ठेवलेत, त्यामुळे घरच्यांसमोर लावू नका.

अँका थट्टा करत नाही. निर्वाणा या रॉक बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' तो बिग बँडच्या (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या) भरगच्च ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांवर, मनापासून गातो. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण वाद्यरचना इतकी कसदार की पुन्हा पुन्हा ऐकताना नवं काही सापडतं. टिकाऊपणात माझं मत निःसंशय अँकाला.

मूळ गाणी पाठ असलेल्या मित्रांच्या मैफलीला चीज घ्या. जेवताना, प्रवासात, आईबाबांसोबत ऐकायचं असेल, किंवा मूळ गाणी माहीतच नसतील, तर अँका.