'शी': सापळा बघा, पंचनामा शोधू नका

'She' हे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं की मराठी माणूस आधी नाक मुरडतो, मग हसतो. मालिका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुंबई पोलिसांतली कॉन्स्टेबल भूमिका परदेशी (आदिती पोहनकर) वेश्येच्या वेशात ड्रगवाल्यांच्या टोळीत सोडली जाते. नेटफ्लिक्सवर सात-सात भागांचे दोन सीझन आहेत, पहिला मार्च २०२० चा, दुसरा जून २०२२ चा. कल्पना इम्तियाज अलीची.

जमलंय ते वेषांतर. लिपस्टिक आणि तंग कपडे कुणीही चढवेल. पण वर्दीत खांदे पाडून, नजर चुकवून वावरणारी बाई आणि सापळ्यात उभी राहिलेली बाई यांच्या चालीतला फरक पोहनकर हळूहळू उलगडते. सोंग उतरवल्यावरही त्याचं थोडं अंगाला चिकटून राहतं, आणि खरी कथा तिथे सुरू होते. घरी मराठी, ड्युटीवर हिंदी, समोर विजय वर्माचा ड्रगवाला सस्या झोपाळू हैदराबादी बोलीत. म्हणून डब केलेल्या आवाजात अजिबात बघू नका, अर्धी मालिका या तीन बोलींत आहे.

चौकशीच्या खोलीतले भूमिका-सस्या प्रसंग सर्वांत सरस. ते कायद्यालाही धरून आहेत, बहुधा नकळत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६७ खाली घेतलेले असे जबाबही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये बाद ठरवले. त्यामुळे 'गुन्हा कबूल कर' यापेक्षा 'वरचा माणूस कोण' हा प्रश्न मोलाचा, आणि इथे तोच विचारला जातो.

सापळ्याचं काम मात्र फिल्मी. एनडीपीएसच्या कारवाईत बनावट गिऱ्हाइकाइतकंच महत्त्व पंचांना आणि कागदाला असतं. नोटांचे नंबर आधी पंचनाम्यात येतात. बंद जागेवर धाड असेल तर कलम ४२ प्रमाणे खबर लिहून घ्यायची, प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे. अंगझडतीआधी आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क तुला आहे (कलम ५०). हे राहिलं की अंगावर सापडलेला माल कोर्टात टिकत नाही. माल पिशवीत सापडला तर हे कलम लागतच नाही, आणि वकिलांची निम्मी लढाई त्यावरच असते. बाईची झडती फक्त बाईनेच घ्यायची, हेही याच कलमात. पथकाला महिला कॉन्स्टेबल लागते ती मुख्यतः यासाठी! एवढा साधा, नाट्यमय मुद्दा लेखकांनी वाया घालवला.

किशोरने रंगवलेला 'नायक' नावाचा ड्रग टोळीचा म्होरक्या थंड डोक्याचा, धाक बसवणारा. दुसरा सीझन त्याच्याभोवती फिरतो. भूमिका नक्की कुणाच्या बाजूची, हा खेळ सुरुवातीला रंगतो, मग तोच तोच फेरा होतो. पोलिसांच्या बाजूचे प्रसंग तर कंटाळवाणे आहेत.

पहिला सीझन शनिवार-रविवारी संपवता येईल. दुसऱ्याला दोन-तीन भागांची संधी द्या, रेंगाळायला लागला तर सोडा. आणि आईबाबा हॉलमध्ये बसलेले असतील तर हेडफोनने भागणार नाही, खोलीच बदला.