सुई हलकी, काउंटर आगाऊ

खानापूरहून पहिल्या बसनं आईला घेऊन बेळगावातल्या एका लॅबमध्ये गेले. सकाळी तिची बोटं इतकी आखडतात की भाकरी थापता येत नाही. रक्त घेणारी मुलगी हाताची हलकी. कन्नडमिश्रित मराठीत गप्पा मारता मारता सुई कधी टोचली कळलंच नाही. तिला पूर्ण गुण.

रिपोर्ट मात्र संध्याकाळी म्हणून तिसऱ्या दिवशी दिला. वर काउंटरवरचा म्हणतो, ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, आजी, तुम्हाला संधिवात नाही.’ याला कुणी विचारलं होतं? आरए फॅक्टर ही संधिवाताची एक रक्तचाचणी; ती निगेटिव्ह असली तरी संधिवात असू शकतो. त्याच कागदावर खाली अँटी-सीसीपी, म्हणजे संधिवातात रक्तात सापडणारी, शरीरावरच उलटणारी प्रतिपिंडं, मर्यादेच्या तिपटीहून जास्त! डॉक्टरांचं बोट आधी तिथंच गेलं. ही प्रतिपिंडं नुसती खूण नव्हेत. हाड कुरतडणाऱ्या पेशींना ती चेतवतात असं संशोधनात दिसलंय. म्हणून ती जास्त असली की सांध्यालगतचं हाड झिजायचा धोका वाढतो. धोका हं, खात्री नव्हे. झीज दिसली ती एक्स-रेत, पायाच्या करंगळीच्या मुळाशी, उंदरानं कुरतडल्यासारखी.

पुढचं रक्तही तिथंच देणार. पार्किंग नाही, पण बसस्टँडवरून रिक्षा लगेच मिळते.